पाटीलबाई आणि हवेचं बिल

पाटीलबाई शुद्ध मराठी बोलायला लागल्या की आमच्या पाणीपुरवठा विभागात सगळे खुर्चीत नीट बसायचे. एरवी त्या अहिराणीच बोलत. शिपायाशी, ठेकेदाराशी, नळाची तक्रार घेऊन भांडायला आलेल्या माणसाशी, सगळ्यांशी तीच भाषा. "काय व्हयनं भो? बस पहिले. मंग बोल." पण कुणी तोंडावर खोटं बोललं, किंवा भर रस्त्यात खोदलेला खड्डा तसाच टाकून जेवायला निघून गेलं, की त्यांच्या तोंडातली अहिराणी जायची आणि पुस्तकातली भाषा यायची. "हे काम पूर्ण झालं आहे, असं आपलं म्हणणं आहे का?" आवाज चढायचा नाही, उलट खाली यायचा. तो 'आपलं' ऐकून आमचा व्हॉल्व्हमन रतन एकदा बाहेर येऊन मला म्हणाला, "वाणीभाऊ, यानापेक्षा दोन शिव्या दिध्या असत्या ते बरं व्हतं."

त्या आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंता आणि मी त्याच विभागात नळपट्टीचा लिपिक. आमचं गाव शहाद्याकडून येणाऱ्या रस्त्यावर. नगरपालिका आहे म्हणून शहर म्हणायचं. बाई मूळच्या म्हसावदच्या, ऊस-केळीच्या घरातल्या. त्यांच्या घरचं मला याहून जास्त कधी कळलं नाही. पालिकेच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. सुती साडी, कमरेला खोचलेला पदर, आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. स्कूटीच्या डिकीत पाइपाचा मोठा पाना आणि त्याला टेकून जेवणाचा डबा. डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. ठेचा त्या सगळ्यांना देऊ करायच्या. गावातला माणूस हात जोडायचा. बाहेरचा असेल तो घ्यायचा, आणि मग त्याच्यासाठी पाणी आणायला शिपाई धावायचा.

कुणाच्याही घरी कामासाठी गेल्या की आधी पाणी मागायच्या. बाईमाणूस, त्यात साहेब, म्हणून लोक फिल्टरचं पाणी काढायचे, कुणी दुकानातून बाटली मागवायचं. त्या ते बाजूला सारायच्या. "हाई नको. तुमी जे पेतस ते द्या." मी एकदा विचारलं, असं का? म्हणाल्या, "आपन ज्यासले पानी पाजतस त्यासना घरनं पानी कसं लागस ते आपले माहीत नको?" मला ते पटलं होतं. त्यांनाही ते पुरेसं वाटत होतं. पुढे त्यांनाच ते पुरेसं वाटेनासं झालं, ती गोष्ट येईलच.

बाईंच्या निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तेव्हा गावात स्मार्ट मीटरची योजना आली. घरोघरच्या नळाला मीटर बसवायचं. मीटर पाहायला माणूस जाणार नाही, ते आपलं आपण आकडे पाठवणार आणि आमच्या कार्यालयात संगणकावर दिसणार, कुठल्या घरी किती पाणी गेलं. जुनी चाकाची मीटर कधीच बंद पडली होती, त्यामुळे तोवर आमच्याकडे सगळ्यांना सारखी पट्टी होती. बाग असलेल्या बंगल्याला तीच आणि पत्र्याच्या खोलीलाही तीच. दुसरा कुणी असता तर त्यानं फायली इकडून तिकडे फिरवून निवृत्तीचा हार घातला असता. बाईंनी योजना अंगावर घेतली.

पहिलाच खटका मुख्याधिकाऱ्यांशी उडाला. त्यांचं म्हणणं, सुरुवात टेकडी मोहल्ल्यापासून करू. तिथं मजुरी करणारे लोक, फार बोलणार नाहीत. बाई म्हणाल्या, "सर, मोजमाप आपल्या घरापासून सुरू झालं नाही, तर लोक आपल्याला त्यांच्या दारात उभं करणार नाहीत." शुद्ध मराठीत म्हणाल्या. त्यामुळे मी फाईल घेऊन दारातच थांबलो. शेवटी पहिलं मीटर बाईंच्या क्वार्टरला लागलं, दुसरं मुख्याधिकाऱ्यांच्या बंगल्याला, आणि मग नगरसेवकांच्या घरांचा नंबर आला. आमच्या कॉलनीतले नगरसेवक, सगळे त्यांना बापू म्हणत, गालात हसत म्हणाले, "ताई, मन्हं घर शेवटले धरा."

"बापू, शेवटले कोन्हं ना कोन्हं घर ऱ्हाईच," बाई म्हणाल्या, "पन ते तुमनं नही."

लोकांच्या मनात मात्र वेगळीच धास्ती होती. मीटरात कॅमेरा असतो, असं एकानं सांगितलं. घरात किती माणसं राहतात ते सरकारला कळणार, असं दुसऱ्यानं. बायकांचा प्रश्न सगळ्यात खरा होता. त्या मला खिडकीशी येऊन विचारायच्या, "भाऊ, हाईमा रिचार्ज टाकना पडी का? रिचार्ज सरना म्हंजे पानी बंद?" आणि या सगळ्यांवर वरचढ ठरली ती हनीफचाचांची शंका.

हनीफचाचांचं एस.टी. स्टँडसमोरच्या चौकात पंक्चरचं दुकान. राहायला टेकडी मोहल्ल्यात. त्यांच्या आजोबांच्या काळापासूनचं घर. सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत गावातलं प्रत्येक चाक कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द सगळीकडे चालायचा. चौकात पालिकेनं सभा घेतली, तेव्हा ते दुकानातूनच बोलले. हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली तशीच.

"ताई, एक सांगा. आमनाकडे एक दिवसाआड पानी येस. पानी येवाना पहिले नळमझारथून फूस-फूस हवा येस. जुना मीटर हवावर बी फिरेत. आते हवानं बी बिल आमीच भरानं का?"

लोक हसले, पण त्या हसण्यात चिडही होती. कारण ते खरं होतं. रिकाम्या पाइपात पाणी सोडलं की आधी हवा रेटली जाते, आणि चाकाचं मीटर हवेनंही फिरतं, हे आमच्या विभागात सगळ्यांना माहीत होतं. कंपनीचा इंजिनीअर पुढे झाला. पुण्याचा होता, चांगला होता बिचारा. त्यानं आवाजाच्या लहरी, पाण्याचा वेग, असं काहीबाही सांगितलं. या मीटरात चाकच नाही, असंही म्हणाला. कुणाला काही कळलं नाही. मागून एक जण ओरडला, "कागदवर बठ्ठं चांगलंच ऱ्हास."

बाईंनी इंजिनीअरच्या हातातलं मीटर घेतलं आणि सरळ हनीफचाचांच्या दुकानात गेल्या. कोपऱ्यात हवा भरायचा कॉम्प्रेसर होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "चाचा, यानी हवा मीटरमा सोडा."

चाचा बघतच राहिले. इंजिनीअर घाईनं मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, असं करत नाहीत. चाचणी प्रयोगशाळेत होते. काही बिघडलं तर..."

"आपला आपल्या यंत्रावर विश्वास आहे ना?" बाईंनी विचारलं. मग त्या लोकांकडे वळल्या. "दखा. आकडा हालना, ते मी आजच हाई बठ्ठा मीटर परत धाडी देस. नही हालना, ते चाचाना घरपासून सुरुवात."

चाचांनी मीटरच्या दोन्ही तोंडांना पाइपाचे तुकडे बसवले, कॉम्प्रेसरची नळी लावली आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सगळं घट्ट आवळलं. ते स्वतःच्या हातानं करत होते, त्यामुळे कुणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. हवा सुटली. पलीकडच्या तोंडातून असा काही झोत आला की समोरच्या भजीवाल्याच्या टोपलीवरचे कागद उडाले. चाचांनी चष्मा लावला आणि मीटरच्या छोट्या पडद्यावर वाकले. आकडा होता तिथंच होता.

"फिर से," ते म्हणाले.

पुन्हा हवा सोडली. टाकीतली हवा संपून कॉम्प्रेसर पुन्हा धडधडायला लागेपर्यंत सोडली. आकडा हलला नाही. मग बाईंनी भजीवाल्याकडून नरसाळं मागवलं आणि त्याच मीटरातून घमेल्यातलं पाणी ओतलं. आकडा पुढे सरकला. गर्दीत पुढून मागे बातमी जावी तसा "हालना, हालना" असा आवाज पसरत गेला.

चाचांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ठीक शे. हवा मन्ही व्हती, आते साक्ष बी मन्ही. मन्हा घरले लाई द्या." आणि मग, चष्मा पुन्हा लावून, "पन ताई, हाई मीटर हवा मोजत नही, कबूल. पानीच नही उनं ते काय मोजी?"

"तवय ते मन्हा विरुद्ध साक्ष दी," बाई म्हणाल्या.

कार्यालयाकडे परतताना त्यांनी स्कूटी मला चालवायला दिली. असं त्या कधी करत नसत. मागे बसल्यावर म्हणाल्या, "वानीभो, चाचा पडदावर वाकनात ना, तवय मी डोया मिटी लिधा व्हतात."

"म्हणजे तुम्हालाही खात्री नव्हती?"

"कंपनीनं सांगेल व्हतं. मी कधी करी दखेल नव्हतं. चुकनं असतं ते चार लोकसनी समोर चुकनं असतं. घरमा बसीसन खरं ठरावापेक्षा ते बरं."

मीटर बसत गेली. टेकडी मोहल्ल्यात तर फार लवकर बसली, कारण पहिलं हनीफचाचांच्या दारात होतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः कॉम्प्रेसरची गोष्ट सांगत होते. संगणकावर गाव दिसायला लागलं. बाई सकाळी आल्या की आधी त्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या, अगदी एखादा माणूस पेपर वाचतो तशा. कुणाच्या घरी टाकी वाहतेय, कुठं पाइप फुटलाय, ते तिथून कळायचं आणि रतनला फोन जायचा. पहिले काही दिवस सगळे खुशीत होते.

एके दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. पडद्यावर दोन भागांचे आकडे शेजारी शेजारी मांडले होते. एकीकडे आमची कॉलनी, दुसरीकडे टेकडी मोहल्ला. कॉलनीतल्या घरांपुढे उंच पट्टे आणि टेकडीच्या खालच्या गल्लीपुढे बोटभर. वरच्या गल्लीपुढे जवळजवळ काहीच नाही.

"मीटर खराब असतील," मी म्हणालो.

"माले बी तसंच वाटनं." त्यांनी इंजिनीअरला पाठवून मीटर तपासून घेतली होती. सगळी चालू होती.

दुसऱ्या दिवशी टेकडीची पाण्याची पाळी होती. आम्ही दोघं गेलो. पायथ्याशी व्हॉल्व्ह होता, रतननं तो वेळेवर पूर्ण उघडला होता. पाइपाला हात लावला तर आत पाणी घुमत असल्याचं हाताला कळत होतं. आम्ही वर चढत गेलो. पहिल्या गल्लीत नळाला बोटाएवढी धार होती. मधल्या गल्लीत थेंब थेंब. सगळ्यात वर जुबेदाबीचं घर. तिच्या नळातून नुसता हवेचा आवाज येत होता, तोही पुढे बंद पडला.

जुबेदाबी नंदुरबारला मिरच्यांची देठं खुडायच्या कामाला जायची. त्या दिवशी घरी होती. तिनं आम्हाला अंगणातल्या मेंदीच्या झाडाशी खाटेवर बसवलं आणि न मागता पाणी आणलं. बाई या घरी आधीही आल्या होत्या. तक्रार आली होती तेव्हा इथलंच पाणी पिऊन गेल्या होत्या. त्यांनी पेला तोंडापर्यंत नेला आणि थांबल्या.

"जुबेदाबी, हाई पानी कोठलं?"

"खालना नळनं. चौकना. फजरले, उजाडाना पहिलेच जास, डोकावर आनस."

"मी मांगे उनू व्हती, तवयनं पानी?"

"ते बी खालनंच." जुबेदाबीच्या आवाजात राग नव्हता. "तुमी इचारं नही, मी सांगं नही. घरमा उनेल मानूसले पानी देतस, त्याना हिसाब सांगतस का?"

बाईंनी ते पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं. पेला तिच्या हातात दिला आणि उठल्या. उतरताना व्हॉल्व्हपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "वाणी, 'सोडलं' आणि 'पोचलं' हे दोन वेगळे शब्द आहेत." शुद्ध मराठीत. आसपास माझ्याशिवाय कुणी नव्हतं, पण तो राग माझ्यावर नव्हता.

खरं म्हणजे अडचण इथंच सुरू झाली. टेकडीवरून पाण्याच्या तक्रारी आधीही यायच्या. दर वेळी आमचं उत्तर जायचं की व्हॉल्व्ह वेळापत्रकाप्रमाणे उघडला जातो, पुरवठा सुरळीत आहे. त्या उत्तरांवर सही पाटीलबाईंची. त्यात खोटं काही नव्हतं, व्हॉल्व्ह खरंच उघडत होता. पण आता मीटरचे आकडे बाहेर आले, तर पहिला प्रश्न सहीचा येणार हे उघड होतं.

मुख्याधिकाऱ्यांनी त्यांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना बाईंची काळजीही होती. "मॅडम, योजना अजून चाचणीच्या टप्प्यात आहे. आकडे थोडे दिवस आतच राहू द्या. निवडणुका जवळ आल्यात. आणि तुम्ही निवृत्तीच्या तोंडावर आहात. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. मागून हळूच व्हॉल्व्हच्या वेळा बदलू. काम झाल्याशी मतलब."

बाई म्हणाल्या, "विचार करते." बाहेर येऊन त्यांनी डबा उघडला, जेवल्या. मला वाटलं, ऐकलं त्यांनी. मला बरंही वाटलं. त्यांची पेन्शन अडकावी असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

पुढच्याच सर्वसाधारण सभेत मीटर योजनेचा अहवाल होता. सभागृहाच्या मागच्या बाकांवर नागरिक बसायचे, त्यात त्या दिवशी हनीफचाचाही होते. बाई उभ्या राहिल्या आणि अहवाल वाचायला लागल्या. शुद्ध, सरकारी भाषेत, किती भागांत काम झालं वगैरे. मग त्यांनी पडद्यावर तेच दोन भाग लावले, कॉलनी आणि टेकडी, शेजारी शेजारी. आकडे वाचता न येणाऱ्यालाही ते कळत होतं.

बापू उठले. बहुधा त्यांना वाटलं असावं, पहिला टोला आपणच हाणावा. "मॅडम, एवढा फरक होता, तर टेकडीवरून तक्रारी आल्या असतील. विभागानं काय उत्तर दिलं?"

मी बाईंकडे पाहत होतो. व्हॉल्व्हमनचं नाव घेता आलं असतं. जुन्या पाइपलाइनचं कारण होतं, आणि तेही खरंच होतं. बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला, आणि बोलल्या ते अहिराणीत.

"उत्तर दिधं, पुरवठा सुरळीत शे. त्यावर सही मन्ही शे, दुसरा कोन्ही नही. मी व्हॉल्व्ह दखा, शेवटला नळ नही दखा. मी टेकडीवर गऊ व्हती. तठे एक घरमा मी पानी पिधं, आनि मनमा सांगं, पानी ते चांगलं शे. ते पानी त्या बाईनी खालथून डोकावर आनेल व्हतं. मी सरकारी मानूस, मी तिना डोकावरनं पानी पीसन खाले उनू, आनि सही कयी. चूक मन्ही शे. चौकशी लावानी ते लावा. पन आते पहिले टेकडीले पानी जाई."

अध्यक्षांनी पुढचा विषय घ्यायला सांगितलं आणि कुणाला पुढचा विषय कोणता ते आठवेना. मागच्या बाकावर हनीफचाचा उभे राहिले होते. काही बोलण्यासाठी नव्हे, नुसते उभे. बाई खाली बसल्या तेव्हा तेही बसले. नंतर जिन्यात भेटले तर मला म्हणाले, "दस्तखत तो सबके होते हैं, वाणीभाऊ. उसके पीछे खड़ा कौन रहता है?"

पुढचे दिवस सोपे नव्हते. टाकीपासून टेकडीला वेगळी लाइन टाकायची, म्हणजे मुख्य रस्ता खोदायचा. कॉलनीत पाण्याच्या वेळेला लोक नळाला थेट मोटर लावून ओढायचे, ते थांबवायचं. मोटर चालू झाली की मीटरवर लगेच कळत होतं, पण बाईंनी एकालाही नोटीस पाठवली नाही. त्या स्वतः दारात जायच्या. बापूंच्या दारातही गेल्या. बापूंनी बागेतल्या गुलाबांचं कारण सांगितलं. बाई बागेत फिरल्या, गुलाबांची तारीफ केली आणि म्हणाल्या, "बापू, तुमना गुलाब चांगला शेतस. टेकडीवर बी एक बाई शे, तिनी अंगनमा मेंदीनं झाड लायेल शे. तिले मी तुमनं नाव सांगेल शे, बापू मोटर काढतीन म्हनीसन." बापू बराच वेळ हसत राहिले. संध्याकाळी मोटर निघाली. ते भिऊन निघाली की लाजून, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांचं पाहून इतरांच्या निघाल्या.

नव्या लाइनीतून टेकडीला पाणी सोडलं तो दिवस मी विसरणार नाही. ऊन चांगलं चढलं होतं. बाई खाली व्हॉल्व्हपाशी थांबल्याच नाहीत. तो रतनवर सोडला आणि आम्ही थेट वर, जुबेदाबीच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. गल्लीतले लोक दारादारात. नळ खोकला, हवा सुटली, पुन्हा खोकला. मग गढूळ पाणी आलं, आणि बघता बघता स्वच्छ. भरून, जोरात, घागरीच्या तळाशी आदळून वर उडणारं.

जुबेदाबीनं हात धारेखाली धरला आणि तसाच ठेवला. मग सुनेला म्हणाली, "फजरले आनेल पानी मेंदीले टाकी दे." सून आत गेली, हंडा घेऊन आली, आणि सकाळी टेकडी चढून आणलेलं ते पाणी तिनं झाडाच्या बुंध्याशी ओतलं. बाई मीटरकडे बघत होत्या. आकडा पळत होता. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या दारात बसायला काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्या म्हणाल्या, "जुबेदाबी, एक खुर्ची दे." आणि पाणी चालू होतं तोवर त्या अंगणात बसून राहिल्या.

बाकीचं थोडक्यात सांगतो. चौकशी लागली. बाईंनी उत्तरात बचावाचं एक वाक्य लिहिलं नाही. त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि पेन्शनही काही काळ रेंगाळली. ताकीद सेवापुस्तकात लागली त्या दिवशी मी उगाच त्यांच्या टेबलाशी घोटाळत होतो. म्हणाल्या, "काय तोंड पाडी ऱ्हायना, वानीभो? डाग कामवाला मानूसना कपडालेच लागस." आणि डब्यातला ठेचा माझ्याकडे सरकवला. तेवढ्यापुरता मी तो खाल्ला.

निवृत्तीच्या समारंभाला मुख्याधिकारी चांगलं बोलले, मनापासून बोलले. पण मला अभिमान वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. टेकडीवरची माणसं पालिकेत यायची ती एरवी अर्ज घेऊन आणि दारातच थांबायची. त्या दिवशी ती सभागृहात येऊन पहिल्या रांगेत बसली, आणि त्यांना उठवायला कुणी गेलं नाही. आता दुसऱ्या पालिकांचे लोक योजना पाहायला येतात. साहेब त्यांना संगणक दाखवतात. मी मात्र त्यांना टेकडीवर घेऊन जातो. शेवटच्या नळापर्यंत. हे मला कुणी शिकवलं, ते सांगतो आणि नावही सांगतो.

बाई म्हसावदला भावाकडे राहायला गेल्या. मध्यंतरी माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी तिकडे गेलो. त्यांची वहिनी म्हणाली, "ताई शेतमा शेतीस. उसले पानीनं बारं देवाले गयीत." विचारत विचारत बांधावर पोचलो. लांबवर उसाच्या नव्या लावणीत बाई दिसल्या. साडी वर खोचलेली, हातात फावडं, पाय पोटरीपर्यंत चिखलात. सरीतून पाणी येत होतं आणि बाई त्याच्या पुढे पुढे उलट्या चालत होत्या. कुठं पाचट अडकलंय ते फावड्यानं काढत होत्या, कुठं सरी फुटतेय तिथं माती ओढत होत्या.

मी हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं, आणि हात उंच करून थांब अशी खूण केली. पुन्हा वाकल्या. पाणी अजून शेताच्या कडेला पोचायचं होतं. मी पत्रिका खिशात ठेवली आणि ते पोचेपर्यंत बांधावर उभा राहिलो.